खात्यापित्या घरचा दाखला

सत्तर वर्षं मी एकच काम मन लावून केलं. आपल्याकडे पैसे नाहीत हे कुणाला कळू द्यायचं नाही. एकाहत्तराव्या वर्षी मला सांगण्यात आलं, की आता हेच कागदावर सिद्ध करून आणा. मला ते जमेना. आधीचं काम फार चोख झालं होतं.

सून आजारी होती. तिच्या हृदयाची एक झडप आकसली होती. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यानं तेव्हाच घर केलं म्हणे, आणि चाळीस वर्षांनी वर डोकं काढलं. आमची इमारत कर्वेनगरातली, जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली. आम्ही तिसऱ्यावर. सून दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभी राहायची आणि कुणी जिन्यात दिसलं की पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करायची. मला वाटायचं, किल्ली विसरते. दोन वर्षं मी तिला किल्लीवरून बोलले. तिनं एकदाही सांगितलं नाही की किल्ली हातातच आहे, श्वास नाहीये.

डॉक्टरांनी झडप बदलायला सांगितली. थांबायचं झालं तर किती थांबता येईल, असं मुलानं विचारलं. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबू नका. तेव्हा श्रावण सुरू होता.

आता गंमत ऐका. सरकारी योजना होती. आमचं कुटुंब त्या योजनेत बसत होतं. पण सुनेचे डॉक्टर ज्या हॉस्पिटलात होते ते हॉस्पिटल त्या योजनेत बसत नव्हतं. ज्या हॉस्पिटलात योजना चालत होती तिथे नंबर लावला तर तो दिवाळी ओलांडून जात होता. तपासणीच्या रांगेत शेजारी बसलेल्या एका बाईनं मला सांगितलं, की हे हॉस्पिटल धर्मादाय आहे, त्यांना त्यापायी सवलती मिळतात आणि त्या बदल्यात काही खाटा गरिबांसाठी राखून ठेवाव्या लागतात. तळमजल्यावर जिन्यामागे खिडकी आहे. पाटी दिसायची नाही, विचारत जा, म्हणाली.

पाटी होती. एका भल्यामोठ्या रबराच्या झाडाच्या कुंडीमागे होती. झाड मात्र निरोगी होतं.

मी नेसले होते नारायणपेठ, जांभळी, काठ अजून उठून दिसणारे. मोठ्या हॉस्पिटलात जायचं म्हणजे नीट जायला नको? हातात पाटल्या होत्या. खिडकीत एक समाजसेविका होती, तिशीतली, टापटीप, उद्धट अजिबात नाही. तिनं माझ्या काठांकडे पाहिलं, पाटल्यांकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, “आजी, ही खिडकी निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी आहे. पैसे भरायची खिडकी पलीकडे.”

पाटल्या एक ग्रामच्या होत्या. म्हणजे वरून सोन्याचा मुलामा आणि आत पितळ. हे मी तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. पण मागे रांगेत चार माणसं उभी होती, आणि चार माणसांसमोर पितळ उघडं करण्याची मला सवय नव्हती. मी म्हटलं, “आम्हीच ते दुर्बल.” तिला वाटलं मी थट्टा करतेय.

समजावून मात्र तिनं नीट सांगितलं, तेवढं तिचं ऋण मानते. उत्पन्न म्हणजे घरातल्या सगळ्यांचं, सगळं मिळून, वर्षाचं. एका मर्यादेच्या आत असाल तर तुम्ही निर्धन, उपचार फुकट. तिच्यावर, पण दुसऱ्या मर्यादेच्या आत असाल तर तुम्ही दुर्बल, उपचार निम्म्या दरात. त्याच्याही वर एक रुपया गेला की झालात सबल, जा पलीकडच्या खिडकीला. मी इतकी वर्षं समजत होते की उत्पन्न म्हणजे वाणी, वीज, नातीची फी देऊन महिन्याच्या पंचवीस तारखेला डब्यात उरतं ते. त्या हिशेबानं आम्ही कधीचेच निर्धन होतो. ती म्हणाली, “नाही आजी, खर्चायच्या आधी येतं ते.” मग तिनं विचारलं, फ्लॅट स्वतःचा का. मी म्हटलं, “हो, पण उत्पन्न म्हणजे येतं ते, असं तूच सांगितलंस. फ्लॅट येत नाही, तो नुसता असतो.” तिला हसू आलं. म्हणाली, बरोबर आहे, फ्लॅटवर अडत नाही, पण तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणा. आणि रेशनकार्ड दाखवा.

मी रेशनकार्ड काढलं. ते पांढरं होतं.

या पांढऱ्या कार्डाची मालकीण एक पंचेचाळीस वर्षांची बाई होती. माझ्याच नावाची, माझ्याच पत्त्यावर राहणारी. आज रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख देणार नाही. सरकारनं तेव्हा तीन रंगांची कार्डं काढली होती. पिवळं अगदी गरिबांना, केशरी मधल्यांना, पांढरं बऱ्या स्थितीतल्यांना. आमचे हे, आता नाहीत ते, छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. छापखाना तेव्हाच धापा टाकत होता. आम्हाला केशरी कार्ड मिळत होतं, हक्कानं, कुणाच्या पाया न पडता. पण तळमजल्यावरच्या एका बाईंना पांढरं मिळालं. झालं. या आमच्या बाईसाहेबांनी अर्जावर ह्यांचा पगार स्वतःच्या वळणदार अक्षरात फुगवून लिहिला. जगात लोक उत्पन्न लपवतात. ही एकमेव बाई असेल जिनं सरकारला नसलेलं उत्पन्न कळवलं आणि वर पोचपावती घेतली. पांढरं कार्ड आलं तेव्हा तिनं ते आठ दिवस दाराजवळच्या टेबलावर ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. त्यावर पुढे ना साखर मिळाली, ना गहू. ह्यांनी एकदाच विचारलं, “आता या पांढऱ्याचं करायचं काय?” तिनं सांगितलं, मान राहतो. मान राहिला. मानाची पोळी लाटून बघा कधीतरी, पोळपाटाला चिकटतसुद्धा नाही.

समाजसेविका म्हणाली, पांढऱ्या कार्डामुळे नुसत्या कार्डावर भागणार नाही, दाखला पक्का हवा. सेवा केंद्रात अर्ज भरला. मुलाचा पगार एका ठेकेदाराकडून येत होता. पगाराची चिठ्ठी नाही. त्यामुळे स्वयंघोषणापत्र, आणि पांढऱ्या कार्डामुळे तलाठी कचेरीकडून प्रत्यक्ष घरी चौकशी. चौकशी केव्हा? येतील, म्हणाले. घरी राहा.

मुलगा काय करतो, हे आता सांगायला हवं. त्यासाठी आणखी एका बाईची गाठ घालून देते. ही छप्पन वर्षांची. आधीच्या बाईपेक्षा अकरा वर्षांनी मोठी आणि बावीस पटींनी मूर्ख.

मुलगा हिंजवडीला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची बस चालवतो. पहाटे साडेपाचला निघतो, कोथरूड-वारज्याची पोरं गोळा करतो, दोन तास गर्दीत काढून त्यांना त्यांच्या काचेच्या इमारतीपाशी सोडतो आणि संध्याकाळी परत आणतो. डिप्लोमा शेवटच्या वर्षाला सुटलेला, मग दहा-बारा वर्षं मिळेल ते काम केलेला मुलगा, घर चालवायला लागला होता, लायसन्स काढलं, काम मिळवलं. कुठल्याही शहाण्या बाईनं पेढे वाटले असते. या बाईनंही वाटले. फक्त वाटताना म्हणाली, “हिंजवडीला लागला, इंजिनिअर म्हणून.”

आणि मग ती थांबलीच नाही. त्याच्या डब्याला तिनं लॅपटॉपची काळी बॅग आणली. त्या बॅगेत पोळीभाजी, लोणच्याची बाटली आणि पाण्याची बाटली इतकी सुरेख बसायची, की खऱ्या इंजिनिअरांनी तिचा विचार करावा. बस इमारतीपाशी आणायची नाही, हा तिचा दुसरा हुकूम. कोपऱ्यावर, पिठाच्या गिरणीपलीकडे लावायची आणि तिथून चालत यायचं. मुलानं वाद घातला नाही. तो वाद घालणाऱ्यातला नाहीच. सुनेनं एकदा हळूच म्हटलं, “अहो आई, उद्या कुणी विचारलं तर?” ही म्हणाली, “विचारतंय कोण? आणि विचारलं तर तू गप्प बस.” सून गप्प बसली. पंधरा वर्षं बसली. श्वास लागत होता तेव्हासुद्धा त्याच सवयीनं गप्प बसली असावी, असं आता मला वाटतं. आणि वाटलं की जेवण जात नाही.

चौकशीला माणसं येऊन गेली तेव्हा आम्ही घरात नव्हतो. सुनेच्या ऑपरेशनच्या खर्चाचा कागद आणायला हॉस्पिटलात गेलो होतो. घरी राहा म्हणाले होते हे खरं, पण हॉस्पिटलनंही त्याच दिवशी या म्हटलं होतं. गरिबानं एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असावं, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण पाळायला मात्र लावतात.

आठवड्यानं मी तलाठी कचेरीत गेले. अहवाल आला होता. अर्ज नामंजूर. मी चष्मा पुसून तो कागद वाचला. अर्जदाराचा मुलगा हिंजवडी येथे संगणक अभियंता. कुटुंबाची लोणी काळभोर येथे चार एकर बागायती जमीन. घरची स्थिती खाऊनपिऊन सुखी. शेजाऱ्यांच्या जबाबावरून.

संगणक अभियंता कुठून आला ते मला माहीत होतं. चार एकर बागायत कुठून आली ते मात्र कळेना. लोणी काळभोर ह्यांचं गाव. तिथला ह्यांचा हिस्सा चुलत पुतण्याला विकूनच तर हा फ्लॅट घेतला होता. इतकी मोठी थाप मी आयुष्यात मारली नव्हती. जमिनीच्या थापा मला झेपत नाहीत.

घरी येऊन कागद टेबलावर ठेवला, त्याच टेबलावर, जिथे कधीकाळी पांढरं कार्ड सजवून ठेवलं होतं. सुनेनं तो वाचला. तिला हसू फुटलं, इतकं की धाप लागली आणि ती पलंगाच्या काठावर बसली. पाणी पिऊन झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, मी गेले असते ना, तरी तुम्ही इंजिनिअरची बायको गेली म्हणूनच सांगितलं असतंत.”

मी तो कागद उचलला, उठले आणि समोरचं दार वाजवलं.

समोर भाभी राहतात. त्यांच्या घराण्याला पुण्यात पाच पिढ्या झाल्या, शिवणकामाचं दुकान आहे. भाभींचं मराठी माझ्याहून शुद्ध आणि टोमणे माझ्याहून बारीक. आमच्या मजल्यावर दोनच दारं, म्हणजे शेजारी म्हणून जबाब देणार त्याच. मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अहो, मला ती नवरा-बायको वाटली,” भाभी म्हणाल्या. “तो फाईल घेऊन, ती पर्स सांभाळत. घर कसं आहे, मुलगा करतो काय, गावाकडे काही आहे का. नातीच्या स्थळाची चौकशी करायला आलेत, असंच वाटलं मला. चौकशी याहून वेगळी असते का?”

नसते. खरंच नसते. बावीस वर्षांची नात घरात आहे, आणि अनोळखी जोडपं जिन्यात उभं राहून हळू आवाजात विचारतंय, घरची माणसं कशी आहेत. कुठलाही भला शेजारी काय करेल? मुलीच्या बापाला दोन पायऱ्या वर चढवेल.

“आणि शेती?” मी विचारलं.

“शेती मी माझ्याकडून घातली.”

“चार एकर?”

“दोन म्हणणार होते. मग वाटलं, एवढ्याशासाठी कशाला हात आखडायचा.”

मी रागानं लाल झाले होते, पण बोलू कुठल्या तोंडानं? कारण पुढचं वाक्य मला माहीतच होतं, आणि भाभींनी ते म्हटलंच. त्यांच्या धाकट्या दिराच्या वेळी सोलापूरकडून लोक आले होते. तेव्हा हीच जिन्यातली चौकशी माझ्या दाराशी झाली होती. मी त्यांना सांगितलं होतं, दुकान मुलाचंच आहे. दुकान तर सोडाच, त्या दुकानातली कात्रीसुद्धा त्याची नव्हती. लग्न झालं, संसार चांगला झाला, आणि भाभी ते उपकार मनात ठेवून होत्या. त्या दिवशी त्यांनी ते फेडले होते, व्याजासकट, बागायतीसकट.

मी विचारलं, “पण भाभी, तुम्हाला खरंच वाटत होतं का, तो इंजिनिअर आहे म्हणून?”

शिवणीत चुकलेल्या मुलीकडे पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. गिरणीपाशी बस धुताना बघितलाय त्याला. सगळ्या इमारतीला माहीत आहे. तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात, मोडता कोण घालणार?”

पंधरा वर्षं. पंधरा वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होते ते सगळे माझी लाज राखायला माझ्याशी खोटं बोलत होते. माझा मुलगा ऊन-पावसात गिरणीपासून चालत येत होता, आणि चाळीस खिडक्यांमधून चाळीस माणसं त्याच्या डब्याच्या बॅगेला लॅपटॉप म्हणत होती. मला राग कुणाचा यावा तेच कळेना, म्हणून मी सगळ्यांचा करून घेतला. कार्डाचा, खिडकीचा, भाभींचा. सगळ्यात जास्त त्या दोन बायांचा, पंचेचाळीसच्या आणि छप्पनच्या. पण त्यांना शिव्या देऊन झडप बदलत नव्हती. भाद्रपद उजाडला होता.

दुसऱ्या दिवशी भाभींना घेऊन तलाठी कचेरीत गेले. तेच फाईलवाले गृहस्थ टेबलाशी होते. भाभींनी सरळ सांगितलं, मी खोटं बोलले, स्थळाची चौकशी समजून बोलले, मुलगा बस चालवतो, जमीन नाही. गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि म्हणाले, “बाई, तेव्हाचा जबाब खरा की आजचा, हे मी कसं ठरवू? आज तुम्हाला काम करून घ्यायचंय.”

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, “साहेब, आमचा मुलगा अभियंता आहे, चार एकर बागायत आहे, असं ह्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं. तुम्ही पदवी मागितली नाहीत, सातबारा मागितला नाहीत. एका बाईच्या तोंडच्या शब्दावर आम्ही श्रीमंत झालो. आता तीच बाई सांगतेय की गरीब आहेत, तर कागद आणा. श्रीमंत व्हायला शब्द पुरतो आणि गरीब राहायला सतरा कागद? असं कसं हो?”

कचेरीतले लोक बघायला लागले. त्यांनी बघावं असंच मला वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर मी मोठ्यानं म्हणाले, “आमच्याकडे पैसे नाहीत.” जीभ काही झडली नाही.

गृहस्थ थोडे वरमले. म्हणाले, मुलाच्या ठेकेदाराचं पत्र आणा, जमीन नसल्याचा काहीतरी पुरावा आणा, फेरचौकशी करतो. नसलेल्या जमिनीचा पुरावा आणायला मी लोणी काळभोरला गेले. सोलापूर रस्त्याची ती गर्दी, वर उन्हाचा तडाखा, आणि मी जिथे काही नाही ते शोधायला निघालेली. तिथल्या कचेरीतला मुलगा गोंधळला. म्हणाला, “आजी, तुमच्या नावावर इथं काय बी नाय. हाय त्याचा उतारा देता येतोय, नाय त्याचा कुठनं देऊ?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्यामुळे माझा राग आणखी वाढला. शेवटी पुतण्याच्या उताऱ्याची नक्कल काढली. त्यात ह्यांनी हिस्सा विकल्याची नोंद होती. ह्यांची सही पाहिली, छापखान्यातल्या अक्षरासारखी सुटी सुटी. या माणसानं कधी एक आकडा फुगवून लिहिला नाही. लिहिणारी घरात होतीच.

फेरचौकशीचा दिवस कळला तेव्हा मी मुलाला म्हटलं, “उद्या सकाळची फेरी टाकून आलास की बस गेटासमोर आण. कोपऱ्यावर नको. गिरणीपाशी नको. गेटासमोर.”

त्यानं विचारलं, “आई, नक्की?”

“नक्की. आणि डबा पिशवीत घेऊन जा. ती बॅग माळ्यावर टाक.”

मी पुढे विचारलं, इतकी वर्षं तुला वाईट वाटलं असेल ना रे. तो बूट काढत होता. म्हणाला, “तेवढंच चालणं व्हायचं.” एवढंच. या मुलाला मी रागवायला तरी शिकवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती बस आमच्या गल्लीत वळली. मी ती जवळून कधी पाहिलीच नव्हती. पांढरीशुभ्र, लांब, गल्लीत मावेना. वळताना त्यानं आरशात बघत, जरासुद्धा न घासता, दोन दुचाक्या आणि एका कुंडीच्या मधून ती अशी आणून उभी केली की मी गॅलरीत उभी राहून बघतच राहिले. असा सफाईदार हात एखाद्या इंजिनिअरच्या कामात असेल तर मला दाखवा. गॅलऱ्यांतून लोक बाहेर आले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना कशासाठी ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं.

फाईलवाले गृहस्थ आले. बाई नव्हत्या बरोबर, त्यामुळे भाभींनी या खेपेला स्थळ समजायचं कारण नव्हतं. त्यांनी मुलाचं लायसन्स पाहिलं, ठेकेदाराचं पत्र पाहिलं, बसचा नंबर लिहून घेतला. घरात आले. फ्रिज पाहिला, सुनेला पाहिलं. ती उठायला लागली तर म्हणाले, बसा, बसा. जाताना मला म्हणाले, “आजी, पहिल्यांदाच हे सांगितलं असतंत तर?”

मी म्हटलं, “पहिल्यांदा तुम्ही मला विचारलंच नाहीत. शेजाऱ्यांना विचारलंत.” आणि लगेच वाटलं, बरं झालं मला विचारलं नाही. मी चार एकरांवर थांबले नसते.

दाखला मिळाला. वर्षभरासाठी. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा आहोत तसेच आहोत, हे सिद्ध करायचं. श्रीमंतांना कधी दरवर्षी विचारतात का, अजून आहात ना?

हॉस्पिटलात त्याच खिडकीशी गेले. या खेपेला सुती साडी होती, पण पाटल्या मुद्दाम घातल्या होत्या. समाजसेविकेनं दाखला पाहिला, ‘दुर्बल’ असा शिक्का मारला, आणि म्हणाली, पण सध्या राखीव खाट रिकामी दिसत नाही. मी एक पाटली काढून तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “चावून बघ. पितळ आहे. पहिल्या दिवशी सांगायला लाजले होते, आज नाही लाजत. आणि रिकाम्या खाटांचा आकडा बाहेर लावायचा असतो, हे आता मी शिकलेय. पाटी झाडामागे होती. खाट कुठल्या झाडामागे आहे, तेवढं सांग.”

तिनं आत फोन लावला. दोन फोन झाले. मग म्हणाली, एक खाट आहे, सोमवारी दाखल करा. एवढंच. सोमवारी. खाट होती. खाट आधीपासूनच होती. माझ्यामागे रांगेत एक माणूस उभा होता, बायकोचे कागद छातीशी धरून, शब्द न बोलता. त्याच्याकडे ना पाटली होती, ना माझी जीभ. मी त्याला म्हटलं, विचार, तूही विचार. त्याला खाट मिळाली का, ते मला कळलं नाही. त्या खिडकीवरचा माझा राग उतरला नाही, तो त्या माणसापायी. मला खाट मिळाली ती मी भांडले म्हणून. नियमानं मिळाली असती तर मी कौतुक करून गप्प बसले असते.

घटस्थापनेनंतर सुनेचं ऑपरेशन झालं. निम्मे पैसे मुलानं उभे केले, त्याचं गाऱ्हाणं इथे सांगत नाही. दिवाळीला ती घरी होती. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तिला विचारलं होतं, मिस्टर काय करतात. मी पाण्याचा पेला भरत होते. सुनेनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे, आणि म्हणाली, “बस चालवतात. हिंजवडीची.” पुढे म्हणाली, “फार छान चालवतात.” पेला भरून वाहिला, मी पुसलं.

डॉक्टरांनी तिला रोज सकाळी थोडं चालायला सांगितलंय. ती मुलाबरोबर जिना उतरते, मधे दोनदा थांबते, गेटापर्यंत जाते. बस तिथेच उभी असते. ती परत जिन्याशी पोचेपर्यंत तो इंजिन चालू करत नाही, आरशातून बघत बसतो. यात सात-आठ मिनिटं जातात. मागच्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. म्हणाले, आजी, तक्रार नाही, पण एवढी मोठी बस गेटासमोर बरी दिसत नाही, आधी कशी कोपऱ्यावर लागायची तशीच लावा ना.

मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं, “आधी ती कोपऱ्यावर लागायची, कारण या घरात एक मूर्ख बाई राहत होती. ती आता इथे राहत नाही. बस गेटासमोरच लागेल. तक्रार लेखी द्या, पोचपावती देते.”

ते अजून लेखी देताहेत. सून आता मधे एकदाच थांबते. पिशवीत काही शोधत नाही. कठड्याला धरून उघड उभी राहते, आणि कुणी वर-खाली आलं तर म्हणते, “जरा दम लागलाय, तुम्ही व्हा पुढे.”